कर्शनर 'नावालाच' होता म्हणे!

"मालिका ज्याने जन्माला घातली त्यानेच ती शेवटपर्यंत दिग्दर्शित करावी. पुरावा : स्टार वॉर्स." असा चार मुद्द्यांचा फॉरवर्ड परवा घरच्या ग्रुपवर येऊन पडला. पाठवणारा माझा भाचा. त्याच्या कॉलेजातल्या शॉर्ट फिल्मचा दुसरा भाग मैत्रिणीने करायचा असं ठरलं होतं. आता साहेब म्हणतात, "मामा, हे वाच. मीच करतो." म्हणून हा खटाटोप.

"लुकासने पहिले सहा भाग स्वतः केले." धादांत खोटं. स्टार वॉर्स ही अंतराळातल्या सिनेमांची मालिका जन्माला घालणाऱ्या जॉर्ज लुकासने केले चार : १९७७ चा पहिला, मग थेट १९९९, २००२ आणि २००५ चे. १९८० चा 'एम्पायर स्ट्राइक्स बॅक' अर्विन कर्शनरचा, १९८३ चा 'रिटर्न ऑफ द जेडाय' रिचर्ड मार्क्वांडचा.

माझं डोकं फिरलं ते पुढच्या वाक्याने : "कर्शनर नावालाच होता, सगळं लुकासच करत होता." अरे, लुकास जिथे सिनेमाचं शिक्षण घेत होता तिथे हा कर्शनर शिकवायचा. मास्तरांनाच कळसूत्री बाहुली करून टाकलंत! 'एम्पायर'चा प्रसिद्धीप्रमुख ॲलन अर्नोल्ड याने शूटिंगची रोजनिशी १९८० मध्येच छापली. नायकांपैकी एक असलेल्या हॅन सोलोला गोठवतात त्या प्रसंगाच्या दिवशी त्याने कर्शनरच्या अंगावर माइक लावून ठेवला होता आणि सेटवरचं बोलणं पुस्तकात जसंच्या तसं उतरवलं. वाचून बघा. वाफेने भरलेला सेट, वैतागलेले नट, आणि कर्शनर न् हॅनचं काम करणारा हॅरिसन फोर्ड एकेका शब्दावर घासाघीस करताहेत. हॅनची प्रेयसी लेया म्हणते "आय लव्ह यू." त्यावर पटकथेत हॅनच्या तोंडी "लक्षात ठेव, मी परत येईन" अशा अर्थाचं काहीतरी होतं. ते काढून उरलं फक्त "आय नो." मालिकेतल्या सगळ्यात गाजलेल्या संवादांपैकी एक असा जन्मला, आणि लुकासला तो सुरुवातीला पटलाही नव्हता.

"जेम्स कॅमेरॉनकडून शिका." शिकूया की! त्याचा १९८६ चा 'एलियन्स' हा रिडली स्कॉटच्या १९७९ च्या सिनेमाचा दुसरा भाग आहे. पुढे बोलायलाच नको.

"डिस्नेने दुसऱ्यांना दिलं आणि वाटोळं झालं." बरं, हे निम्मं मान्य. २०१५ ते २०१९ च्या तीन भागांत एकाचं तोंड पूर्वेला, दुसऱ्याचं पश्चिमेला. पण २०१२ मध्ये स्टार वॉर्सची मालक असलेली आपली कंपनी डिस्नेला विकताना लुकासने दिलेले कथेचे आराखडे डिस्नेने बाजूला ठेवले आणि तिन्ही भागांची मिळून पक्की गोष्ट ठरवलीच नाही. खापर मात्र फुटतंय दिग्दर्शक बदलण्यावर. आणि लुकासने स्वतः केलेल्या २००२ च्या भागात नायक प्रेयसीला वाळू कशी खरखरीत असते ते ऐकवतो, त्याचं काय?

हे सगळं ग्रुपवर टाकलं. भाच्याचा नुसता अंगठा आला. त्याच्या मैत्रिणीला मात्र मी अर्नोल्डच्या पुस्तकाचं नाव कळवून ठेवलंय.