आधी कमी वर्धनाची आयपीस घ्या

दुर्बिणीवरच्या एका लेखात नवशिक्यांना पहिली जादा आयपीस (डोळा लावून बघायचं, बदलता येणारं भिंग) ४ मिमी नाभीय अंतराची घ्यायला सांगितली आहे. हे मला अजिबात पटलं नाही. १५० मिमी व्यासाच्या, १२०० मिमी नाभीय अंतराच्या दुर्बिणीवर ती १२०० भागिले ४, म्हणजे ३०० पट वर्धन देते (वस्तू तितक्या पट मोठी दाखवते). व्यासाच्या मिलिमीटरमधल्या आकड्याची दुप्पट ही साधारण कमाल मर्यादा, म्हणजे आपण थेट टोकावरच जाऊन बसतो. इतकं स्थिर वातावरण क्वचितच मिळतं. एरवी गुरू उकळत्या पाण्यात बुडवल्यासारखा थरथरताना दिसतो.

दुसरी अडचण डोळ्याची. साध्या प्लॉस्लमध्ये (आयपीसचा एक प्रचलित प्रकार) डोळा आणि भिंग यांतलं अंतर आयपीसच्या नाभीय अंतराच्या जेमतेम ७० टक्के असतं. ४ मिमीला ते ३ मिमीच्याही आत येतं. पापण्या काचेला घासतात आणि चष्मेवाल्यांना तर काहीच दिसत नाही. मीही चष्मा लावतो. दृष्टिवैषम्य (अ‍ॅस्टिग्मॅटिझम) असल्याने तो काढूनही भागत नाही, त्यामुळे मला निदान १५ मिमी मोकळी जागा लागतेच. आयपीस निवडताना मी हा आकडा सगळ्यात आधी बघतो.

त्यापेक्षा ३० किंवा ३२ मिमीची चांगली प्लॉस्ल घ्या. कृत्तिकांचे ठळक तारे एकत्र मावतात, आकाशात वाट शोधणं सोपं होतं. ग्रहांसाठी मग ८ मिमीच्या आसपासची, जास्त मोकळी जागा देणारी. शनीची कडी १५० पटीला इतकी रेखीव दिसतात की आणखी वर्धनाची आठवणही होत नाही.

एफ/५ ची (नाभीय अंतर व्यासाच्या पाचपट असलेली) दुर्बीण असेल तर मात्र स्वस्त वाइड-अँगल (आकाशाचा जास्त रुंद भाग दाखवणाऱ्या) आयपीस टाळा. कडेचे तारे पक्ष्यांसारखे पसरतात.