भिंती न फोडताही टेस्ट रिपोर्ट मिळतो

रामबाग, लोकमान्यनगरकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: घराचं रिनोव्हेशन झालं आणि वायरिंगचा टेस्ट रिपोर्ट घ्यायचा राहिला, तर आता भिंती फोडाव्या लागतील, नाहीतर मागच्या तारखेचा कागद 'मॅनेज' करा.

दोन्ही गोष्टी चूक. मूळ वायरमन फोन उचलत नसला तरी राज्य शासनाचा परवाना असलेला दुसरा विद्युत ठेकेदार तपासणी करू शकतो. मात्र तो आजच्याच तारखेचा रिपोर्ट देईल आणि स्वतः तपासलं तेवढ्यापुरताच. मागच्या तारखेचा कागद म्हणजे सरळ खोटा दस्तऐवज.

तपासणी मुख्यतः डीबी (सगळी सर्किटं जिथून निघतात तो घरातला मुख्य बोर्ड) आणि पॉइंटांवरून होते. मेन बंद करून, इन्व्हर्टर आणि उपकरणं सोडवून, साधारणपणे 500 व्होल्ट डीसीच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) वायरींचं इन्सुलेशन बघतात. मग अर्थिंग, फेज-न्यूट्रलची अदलाबदल आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) वेळेत पडते, म्हणजे ट्रिप होते का, ते. आरसीसीबी तिच्यावरचं 'टी' (टेस्ट) बटण दाबून पडली म्हणजे अर्थिंग ठीक, असं नव्हे. ते बटण अर्थिंग तपासतच नाही. नव्या वायरिंगमध्ये दोन सर्किटांचे न्यूट्रल एकत्र बांधले की आरसीसीबी सारखी पडते, आणि काही महाभाग तीच बायपास करून मोकळे होतात! हे हटकून बघायला सांगा.

दोष सापडलाच, तर तेवढाच भाग उघडावा लागू शकतो. रिपोर्टवर मोजलेले आकडे, सही आणि परवाना क्रमांक हवा. मीटर बसवतानाचा जुना कागद नव्या वायरिंगला चालत नाही.