‘मानवाधिकारवाले फक्त गुन्हेगारांचे’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

चकमक झाली किंवा कोठडीत कोणी दगावलं की हा मेसेज ठरलेला: ‘जवान शहीद होतो तेव्हा मानवाधिकारवाले कुठे असतात? हा आयोग फक्त गुन्हेगारांसाठी. त्याला दात नाहीत. आणि साध्या माणसाला तिथे वकिलाशिवाय कोणी विचारत नाही.’

आधी जवानाचं. खून करणाऱ्यासाठी पोलीस आहेत, न्यायालय आहे, फाशीही आहे. १९९३च्या मानवी हक्क संरक्षण कायद्याने राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला दिलेलं काम वेगळं: सरकारी नोकराने कुणाचा हक्क तुडवला किंवा तुडवला जाताना कानाडोळा केला, तर चौकशी करायची. कोठडीत माणूस मेला तर डायरी, पंचनामा, साक्षीदार सगळे पोलिसांच्याच हातात. म्हणून अशा मृत्यूची खबर २४ तासांत कळवा, असा दंडक आयोगाने त्याच डिसेंबरात घातला. शिवाय कोठडीत गेलेला प्रत्येक जण गुन्हेगारच, हे ठरवलं कोणी? बाकी कामं मेसेजवाल्यांना दिसतच नाहीत. वेठबिगारी निर्मूलनावर आणि आग्रा, ग्वाल्हेर, रांचीच्या मनोरुग्णालयांवर देखरेख सर्वोच्च न्यायालयाने १९९७मध्ये आयोगाकडेच सोपवली.

आता दात. आयोगाची शिफारस सरकारवर बंधनकारक नाही, हे खरंच आहे. पण चौकशीत साक्षीदाराला समन्स काढायचे, सरकारी दप्तर मागवायचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार त्याला आहेत. तक्रार दाखल झाली की जिल्हाधिकाऱ्याला किंवा पोलीस अधीक्षकाला नोटीस जाते: चार आठवड्यांत अहवाल द्या. अहवालात दोष दिसला तर ‘भरपाईची शिफारस का करू नये’ अशी कारणे दाखवा नोटीस. पुढे पैसे दिल्याचा पुरावाही मागतात. गाडा हळू चालतो, पण साहेबाला लेखी उत्तर द्यावं लागतं.

तेवढ्याने भागलं नाही तर आयोग न्यायालयात जाऊ शकतो. बडोद्याच्या बेस्ट बेकरी हत्याकांडात २००३ साली सगळे २१ आरोपी सुटले, तेव्हा आयोगाने सर्वोच्च न्यायालयाचं दार ठोठावलं. २००४मध्ये फेरखटला महाराष्ट्रात चालवण्याचा आदेश झाला आणि २००६मध्ये मुंबईत ९ जणांना जन्मठेप झाली. (पुढे उच्च न्यायालयाने त्यातले ५ सोडले, ४ जणांची शिक्षा कायम ठेवली.)

वकिलाचं म्हणाल तर वकील नको, फी नाही. मराठीत लिहिलेला अर्ज चालतो. फक्त घटनेला वर्ष उलटू देऊ नका, आणि तेच प्रकरण राज्य आयोगापुढे असेल तर दिल्लीत पुन्हा घेत नाहीत.

टीका करायचीच तर ती दोन ठिकाणी करा. सैन्यदलांविरुद्धच्या तक्रारीत आयोग स्वतः चौकशी करू शकत नाही. केंद्राकडून अहवाल मागवून शिफारस करतो. आणि पोलिसांविरुद्धच्या तक्रारी तपासायला त्याच्याकडे असतात ते पोलीस अधिकारीच, प्रतिनियुक्तीवर आलेले. राष्ट्रीय मानवी हक्क संस्थांच्या जागतिक संघटनेने २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन वर्षं आपल्या आयोगाची फेरमान्यता लांबणीवर टाकली, तेव्हा पोलिसांच्या या सहभागावरच बोट ठेवलं होतं.