‘सामान आपोआप कव्हर, यादी कशाला?’ जरा थांबा

सध्या तो मेसेज परत सगळ्या ग्रुपवर फिरतोय: "भारत गृह रक्षा पॉलिसी घ्या, घरातलं सामान आपोआप कव्हर होतं, यादीबिदी करत बसू नका, सर्व्हेअर येऊन बघतोच, बिलं कपाटात असतातच, सोनं सेफ, चोरीचंही टेन्शन नाही." अर्धंमुर्धं खरं आहे, म्हणून तर लोक फसतात.

आपोआप कव्हर? हो, एप्रिल 2021 पासून ही घराच्या विम्याची स्टँडर्ड, म्हणजे सगळ्या कंपन्यांकडे सारख्याच मूळ अटींची, पॉलिसी आहे आणि इमारतीचा विमा घेतला की त्याच्या 20 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत सामान यादी न देता धरलं जातं. म्हणजे इमारत 30 लाखांची तर सामान 6 लाखांचं. पण ही सूट पॉलिसी घेतानाची आहे हो, क्लेमच्या वेळी काय काय गेलं ते तुम्हालाच सांगायचंय. आणि भाड्याने राहणाऱ्यांना इमारतीचा विमा नसतोच, फक्त सामानाचा घ्यायचा तर आकडा ठरवायला आधी मोजदाद नको का?

आता "सर्व्हेअर बघतोच", म्हणजे नुकसान मोजायला विमा कंपनी पाठवते तो माणूस. तो काय बघणार? 2021 च्या जुलैत चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं, ओसरल्यावर मागे नुसता चिखल. भिजलेल्या गाद्या, फुगलेलं प्लायवूड कोणी चार दिवस घरात ठेवत नाही, वास मारतो, रस्त्यावर काढावंच लागतं आणि मग नगरपालिकेची गाडी घेऊन जाते. सर्व्हेअर येईपर्यंत टाकायची वेळ आलीच तर आधी फोटो काढा, फ्रिज-वॉशिंग मशीनवर मॉडेल आणि सिरियल नंबरचं स्टिकर असतं ना, त्याचा जवळून, वाचता येईल असा. पण माळ्यावरची तांब्या-पितळेची भांडी, मिक्सर, मुलांची पुस्तकं हे त्या गडबडीत कोणाला आठवतंय!

बिलं कपाटात आहेत म्हणता, पण ते कपाटही त्याच पाण्यात उभं असतं. शिवाय दुकानातली ती गुळगुळीत कागदाची बिलं वर्ष-दोन वर्षांत कोरी पडतात. आजच फोटो काढून ड्राइव्हवर टाका, ऑनलाइन घेतलेल्याची बिलं ईमेलमध्ये सापडतील.

सोन्याचं तर साफ खोटं. दागिने साध्या सामानात येतच नाहीत, त्यांचं कव्हर वेगळं मागून घ्यावं लागतं, आणि रक्कम 5 लाखांवर गेली किंवा एखादी वस्तू 1 लाखाच्या वरची असली की व्हॅल्युएशन सर्टिफिकेट, म्हणजे किमतीचा दाखला, लागतो. आजच्या भावात एक लाख म्हणजे फार मोठा दागिना नाही हे सांगायला नकोच. रोख रक्कम तर यातून बाहेरच.

चोरी? मूळ पॉलिसीत आग, पूर असल्या घटनेमुळे, तीही घटनेपासून 7 दिवसांत झालेली चोरी धरतात. दिवाळीत गावी गेलात आणि कुलूप तोडून घर धुतलं तर घरफोडीचं कव्हर वेगळं घेतलेलं हवं.

बाकी यादी म्हणजे वही घेऊन बसायची गरज नाही, मोबाइल हातात धरून खोलीखोलीतून फिरा, कपाटं उघडा, काय कधी केवढ्याला घेतलं ते बोलत व्हिडिओ काढा. फक्त तो फॅमिली ग्रुपवर टाकू नका म्हणजे झालं.