हूइजवर मालकाचं नाव दिसलं म्हणून पैसे भरू नका

घरच्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा येतोय: ‘वेबसाइट खरी की खोटी ते स्वतः तपासा. हूइजवर साइटचं नाव टाका. मालकाचं नाव, पत्ता, फोन दिसला तर बिनधास्त पैसे भरा. माहिती लपवलेली असेल तर साइट फसवी. पत्ता भारतातला असेल तर काळजीच नाही.’ हूइज म्हणजे एखादं डोमेन, म्हणजे साइटचं नाव, कुणी आणि कधी घेतलं याची इंटरनेटवरची जाहीर नोंद. पाठवणाऱ्यांच्या मनात चांगलंच आहे. पण या सल्ल्यावर विसंबून कुणी पैसे घालवू नयेत, म्हणून एकेक दावा घेतो.

मालकाची माहिती दिसते? एके काळी दिसायची. मी पहिलं डोमेन घेतलं तेव्हा दुसऱ्याच दिवशी ‘वेबसाइट बनवून देतो’ म्हणणाऱ्यांचे फोन सुरू झाले होते. २५ मे २०१८ला युरोपात जीडीपीआर हा खासगी माहिती जपण्याचा कायदा लागू झाला. त्याच्या आठवडाभर आधी आयकॅनने, म्हणजे डोमेन नावांच्या व्यवस्थेवर देखरेख करणाऱ्या संस्थेने, खासगी माहिती झाकण्याचे नियम आणले. आता .कॉमसारख्या डोमेनांसाठी हूइजची सक्तीही उरलेली नाही. २८ जानेवारी २०२५पासून त्याची जागा आरडॅपने, म्हणजे हीच नोंद दाखवणाऱ्या नव्या पद्धतीने, घेतली आहे.

म्हणूनच लपवलेली माहिती म्हणजे फसवणूक, हेही चूक. ‘रिडॅक्टेड फॉर प्रायव्हसी’ (खासगीपणासाठी झाकलेलं) हे शब्द बहुतेक वेळा रजिस्ट्रारच, म्हणजे डोमेन नोंदवून देणारी कंपनीच, टाकते, मालकाला काही करावं लागत नाही. घरून मसाले विकणाऱ्या बाईंचा राहता पत्ता जगाला दिसत नाही, यात संशय घेण्यासारखं काय आहे?

सगळ्यात घातक दावा उरलेला: नाव दिसलं की साइट खरी. ते नाव डोमेन घेणाऱ्याने स्वतःच भरलेलं असतं. .कॉम घेताना ईमेल किंवा फोन चालू आहे का, एवढं पडताळतात. आधार-पॅन कुणी मागत नाही. चोर दुसऱ्याचं नाव आणि पुण्याचा पत्ता सहज लिहू शकतो. भारतातला पत्ता म्हणून निर्धास्त होण्यात अर्थ नाही तो यामुळेच.

मग या नोंदीत बघायचं काय? नोंदणीची तारीख. ‘आज रात्री वीज तोडली जाईल’ असा मेसेज आला आणि त्यातल्या लिंकचं डोमेन चार दिवसांपूर्वीचं निघालं, तर तिथेच थांबा. तारीख जुनी निघाली म्हणून मात्र विश्वास टाकू नका. जुनी डोमेनं विकत मिळतात आणि साइट हॅकही होतात.

तारीख बघण्याआधी नाव नीट वाचा, कारण चूक इथेच होते. महावितरणची साइट महाडिस्कॉम.इन आहे. लिंक ‘महाडिस्कॉम.इन.अमुकतमुक.टॉप’ अशी असेल तर ती महावितरणची नाही. सुरुवातीचं ‘https://’ सोडून पहिल्या तिरक्या रेघेच्या आधीचं नाव घ्या आणि उजवीकडून वाचत या: खरं डोमेन ‘अमुकतमुक.टॉप’ आहे, तेच शोधायचं. त्याच्या डावीकडे ‘महाडिस्कॉम.इन’ कुणीही जोडू शकतो.

नोंदीत रजिस्ट्रारचं नाव आणि गैरवापराच्या तक्रारीसाठी ईमेलही असतो. तिथे स्क्रीनशॉट आणि पूर्ण लिंक पाठवा. ठोस पुरावा मिळाल्यावर फिशिंगवर, म्हणजे खोट्या साइटवरून माहिती किंवा पैसे उकळण्यावर, कारवाई करणं .कॉमसारख्या डोमेनांच्या रजिस्ट्रारना एप्रिल २०२४पासून करारानेच बंधनकारक आहे. पैसे गेले असतील तर मात्र शोधाशोध करत बसू नका, आधी १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा.