कुठला का व्हायरस असेना?

"कुठला का व्हायरस असेना, उपचार तोच असतो."

आज दुपारी हे वाक्य ऐकलं आणि तेव्हापासून डोकं भणाणलंय. ऑफिसातल्या एका मैत्रिणीची अकरा महिन्यांची लेक उलट्या-जुलाबांनी ॲडमिट होती. आज घरी सोडणार होते, म्हणून मी सोबत गेले. बिल कितीतरी पानी, आणि डिस्चार्ज कार्डावर निदान काय, तर "व्हायरल गॅस्ट्रो". खाली एक अँटिबायोटिक. तिने भीत भीत विचारलं, डॉक्टर, कुठला व्हायरस होता? त्यावर हे उत्तर.

मान्य आहे, उपचार तोच. ओआरएस, झिंक, फारच सुकलं तर सलाईन. टेस्ट केली असती तरी या बाळाच्या औषधात फरक पडला नसता. पण पुढच्या बाळाला पडतो ना! आणि व्हायरसच आहे हे तुम्हीच लिहिताय, तर मग अँटिबायोटिक कशासाठी?

मला राहून राहून माझा भाचा आठवतोय. महाराष्ट्रात सरकारी लसीकरणात रोटाची, म्हणजे लहान मुलांना जुलाब-उलट्या करणाऱ्या रोटाव्हायरसवरची लस २०१९ मध्ये आली, त्याच्या आधीचा एक हिवाळा. धाकट्या बहिणीचा हा मुलगा तेव्हा नऊ महिन्यांचा. टाळू खोल गेलेली, रडायचा पण डोळ्यांतून टिपूस नाही. रात्री वॉर्डात एक तरुण मुलगी आली. गळ्यात ओळखपत्र, हातात फॉर्म आणि झाकणाला आतून चमचा असलेली छोटीशी डबी. "ताई, रोटाव्हायरसचा अभ्यास चालू आहे. बाळाच्या शीचा नमुना मिळेल का?"

आमची आई खवळलीच. लेकरू निपचित पडलंय आणि यांना शी हवीय! त्यात आईचं ठाम मत, दात येतायत म्हणून जुलाब होतायत. ती मुलगी उलट बोलली नाही, निघूनही गेली नाही. बहिणीशेजारी स्टुलावर बसली, फॉर्म मराठीतून वाचून दाखवला, मग सही घेतली. उलट्या कधीपासून, दिवसातून किती वेळा शी, ताप किती, पाणी कुठलं पिता. पातळ शी डायपर शोषून घेतो, म्हणून तिने डायपर उलटा करून बांधला, प्लास्टिकची बाजू आत. पहाटे नमुना मिळाला. डबीवर नंबर लिहिला, बर्फाच्या पेटीत ठेवली आणि गेली. पुढे तिचा फोनही आला. रोटा पॉझिटिव्ह.

अशा हजारो डब्यांमधून या देशाला कळलं की जुलाबाने ॲडमिट होणाऱ्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी सुमारे ४० टक्के मुलांना रोटा असतो. वेल्लोरचं सीएमसी हे मेडिकल कॉलेज, पुण्याची एनआयव्ही ही विषाणूंवर संशोधन करणारी संस्था, ठिकठिकाणची हॉस्पिटलं, सगळ्यांनी वर्षानुवर्षं हे काम केलं. तोवर आपण दातांना, दृष्टीला आणि बाहेरच्या पाण्याला बोल लावत बसलो होतो. घरात फिल्टर असलेल्यांच्या मुलांनाही रोटा होतोच.

आणि लस कुठून आली? १९८५ च्या सुमारास दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. महाराज किशन भान आणि त्यांच्या सहकाऱ्यांना नवजात बाळांमध्ये एक रोटाव्हायरस सापडला. लागण होती, पण जुलाब नव्हते. या बाळांवर पुढे लक्ष ठेवलं, तर त्यांना रोटाचा मोठा त्रास झाला नाही. त्याच विषाणूपासून रोटाव्हॅक बनली. दिल्ली, वेल्लोर आणि आपल्या पुणे परिसरातल्या मिळून ६,७९९ बाळांवर तिची मोठी चाचणी झाली. त्या वॉर्डात तेव्हा कुणी म्हटलं असतं, बाळं तर ठणठणीत आहेत, कुठला का व्हायरस असेना, तर?

लस काही शंभर टक्के चालत नाही, हेही खरं. त्या चाचणीत पहिल्या वर्षात गंभीर आजार साधारण ५६ टक्क्यांनी कमी झाला. पण म्हणूनच तर मोजत राहायला हवं! लस आल्यानंतर ॲडमिट मुलांमधलं रोटाचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. मग आता जी मुलं भरती होतात त्यांना काय होतंय? नोरोसारखा दुसरा व्हायरस? ॲडिनो? की रोटाचाच नवा प्रकार? नमुनाच घेतला नाही तर कळणार कुठून?

लसीची भीती घालणारे मेसेज पाठवणाऱ्यांनाही सांगते. १९९९ मध्ये अमेरिकेत रोटाची पहिली लस बाजारातून काढून घेतली, कारण काही बाळांच्या आतड्यात आतडं अडकत होतं. ते कळलं कशामुळे? अशी बाळं हॉस्पिटलात येताहेत हे कुणीतरी नोंदवलं, जुळवून पाहिलं, म्हणूनच. आपल्याकडेही रोटाव्हॅकनंतर ते मुद्दाम शोधलं आणि धोका वाढलेला दिसला नाही. म्हणजे लसीवर विश्वास ठेवायचा की नाही, हेसुद्धा याच नोंदींवरून ठरतं.

एवढं लिहून राग जरा ओसरलाय. त्या डॉक्टरांच्या बाहेर मुलांची रांग होती, खुर्च्या पुरत नव्हत्या, जेवले होते की नाही कोण जाणे. त्यांच्याकडे डबी घेऊन बसायला ती मुलगी नाही, हे मला समजतं. तिच्यासारख्यांचं काम बहुतेक वेळा कंत्राटी, प्रकल्प संपला की संपलं. तिचं नावही आम्ही विचारलं नाही कधी, पण बहीण अजून तिची आठवण काढते.

पण एक गोष्ट तरीही पचत नाही. मैत्रिणीच्या पर्समध्ये बाळाचं लसीकरण कार्ड होतं. रोटाचे सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे डोस, तिन्ही रकाने भरलेले. ॲडमिट करताना, राउंडला, घरी सोडताना, कुणी ते मागितलंच नाही. त्याला टेस्ट लागत नाही, पैसे लागत नाहीत, एक प्रश्न लागतो.

माझ्या यादीत बालरोगतज्ज्ञ आहेत, वॉर्डात काम करणाऱ्या सिस्टर आहेत. तुमच्याकडे या थंडीत जुलाबाची किती मुलं भरती झाली आणि त्यातल्या कितींना रोटाचे डोस मिळाले होते, एवढं तरी वहीत लिहिता का? लिहीत असाल तर ती वही पुढे कुणाकडे जाते? आणि लिहीत नसाल तर अडचण काय आहे, तेही खाली सांगा. मी खरंच वाचणार आहे.