तीन डोकी, एक माउस

गणिताच्या तासाला कॉम्प्युटर हवा की नको, यावर परवा स्टाफरूममध्ये पुन्हा वाद झाला. एक बाजू म्हणते, प्रत्येक मुलासमोर एक मशीन ठेवा, ज्याचा त्याचा वेग. दुसरी म्हणते, खडू-फळा सुटला की गणित सुटलं. मला दोन्ही पटत नाही. माझं म्हणणं, तीन मुलांत एक कॉम्प्युटर हवा. मशीन कमी आहेत म्हणून नव्हे. हवी तेवढी मिळाली तरी मी तिघांमागे एकच सुरू करीन.

हे मला चूक करून कळलं. पहिल्या वर्षी मी प्रत्येकाला एकेक मशीन दिलं होतं, त्यावर सरावाचं सॉफ्टवेअर. वर्ग चिडीचूप. मला वाटलं, मुलं रमलीत. आठवड्याभराने एका मुलाच्या मागे जाऊन उभी राहिले, तर तो प्रश्न वाचतच नव्हता. मदतीचं बटण तीनदा दाबायचा, तिसऱ्यांदा उत्तरच यायचं, ते टाइप करायचा, हिरवी खूण, पुढचा प्रश्न. अपूर्णांकांचा अख्खा धडा त्याने असा संपवला होता. मी त्याच्या वहीत २/३ + १/४ लिहून दिलं. त्याने उत्तर लिहिलं ३/७. अंशात अंश, छेदात छेद. मशीनने त्याला शाबासकीवर शाबासकी दिली होती आणि त्याची चूक होती तिथेच होती. शेजारी कुणी बसलेलं असतं, तर 'अरे, ३/७ तर २/३ पेक्षाही कमी झाले, मिळवून कमी कसे होतील?' एवढं तरी विचारलं असतं.

ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेच्या २०१५ च्या अहवालातही हेच दिसलं होतं: शाळांमधल्या कॉम्प्युटरवर भरपूर खर्च केलेल्या देशांत मुलांच्या वाचनात, गणितात, विज्ञानात नजरेत भरेल अशी सुधारणा झाली नव्हती. मला त्याचं नवल वाटलं नाही.

आता तीन डोकी एका स्क्रीनपुढे आली की काय होतं ते सांगते. आमचं साधन जिओजेब्रा, म्हणजे भूमितीच्या आकृत्या काढायचं सॉफ्टवेअर. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये साल्झबर्ग विद्यापीठात त्याची सुरुवात केली. शाळेला फुकट मिळतं, आणि त्यात काढलेली आकृती धरून ओढता येते. फळ्यावरचा चौकोन जागचा हलत नाही, इथला हलतो. मी सांगितलं, कसाही वेडावाकडा चौकोन काढा, चारही बाजूंचे मध्यबिंदू घ्या आणि क्रमाने जोडा. पण जोडण्याआधी आत कोणता आकार येईल ते तिघांनी आपापल्या कागदावर लिहा. हा नियम मी कधीच सोडत नाही. अंदाज आधी, बटण नंतर. अंदाज लिहिलेला नसला की स्क्रीनवर काहीही दिसलं तरी मुलं 'हो, मला तेच वाटलं होतं' म्हणतात आणि विषय संपतो.

आत आला समांतरभुज चौकोन. एका मुलीने शिरोबिंदू धरून लांब ओढला, तरी समांतरभुज. मग तिने तो आत ढकलला, चौकोनाला खाच पडली, तरी समांतरभुज. शेजारचा म्हणाला, 'बाजू एकमेकींवरून ने, मग मोडेल.' तरीही मोडला नाही. तिघं गप्प झाली आणि मग ज्या प्रश्नाची मी वाट पाहत होते तो आला: 'बाई, हे असं का होतं?' याला फ्रेंच गणिती व्हारिन्यों यांचं प्रमेय म्हणतात, १७३१ मध्ये छापून आलेलं. पण ते मी तेव्हा सांगितलं नाही. फक्त म्हटलं, एक कर्ण काढून बघा. दहा मिनिटं वाद झाला. मग तिसरा, जो सहसा बोलत नाही, म्हणाला, 'हे दोन त्रिकोण आहेत. दोन्हीकडे मध्यबिंदूंचं प्रमेय लागतं. समोरासमोरच्या दोन्ही रेषा कर्णाला समांतर आणि कर्णाच्या निम्म्या.' स्क्रीनने त्यांना 'नेहमी असं होतं' एवढंच दाखवलं होतं. 'का होतं' ते त्यांनी एकमेकांशी भांडून काढलं.

लोगोचंही तसंच. सिमोर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये मुलांसाठी घडवलेली ही प्रोग्रॅमिंगची भाषा मी आजही वापरते. त्यात स्क्रीनवरच्या कासवाला 'इतकं पुढे जा, इतकं वळ' असं सांगायचं, ते चालत जाईल तशी रेघ उमटते. समभुज त्रिकोण काढायला सांगितला की जवळजवळ प्रत्येक गट कासवाला ६० अंशांत वळायला सांगतो, कारण कोन ६० चा हे पाठ असतं. स्क्रीनवर उमटतो अर्धा षटकोन. मग कुणीतरी उठून स्वतः चालून बघतं आणि कळतं की वळायचं ते बाह्यकोनातून, १२० अंश. बाह्यकोन मी फळ्यावर कितीदा शिकवला असेल, इतका पक्का कधी बसला नव्हता.

गट केले की सगळं आपोआप होतं असं मात्र नाही. फ्रेंच अभियंता रिंगेलमान यांनी दोर ओढण्याचे प्रयोग केले होते: माणसं वाढली की प्रत्येकाचा जोर कमी होतो. वर्गातही एक हुशार मूल माउस बळकावतं आणि बाकीचे प्रेक्षक होतात. म्हणून माझ्याकडे माउस ज्याच्या हातात, त्याने स्वतःचं डोकं चालवायचं नाही. बाकी दोघं सांगतील तेच करायचं, आणि दर दहा मिनिटांनी हात बदलायचा. शेवटी तिघांपैकी कुणालाही मी उठवते. तो जे समजावेल त्यावर तिघांचे गुण. गट चिठ्ठ्या टाकून पाडते, हुशार-कच्चे असे कधीच नाही. आणि कच्च्यांना सोपी गणितं देणंही सोडलंय. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात यूरी ट्रिसमन यांनी कॅल्क्युलसमध्ये मागे पडणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना जादा शिकवणी न देता अवघड गणितं दिली, ती एकत्र बसून सोडवायला लावली, आणि ती मुलं पुढे गेली. एकट्याने अभ्यास करणं हीच त्यांची अडचण होती.

वेळ लागतो, हे खरं आहे. एका प्रमेयाला दोन तास गेले आणि पोर्शन मागे राहिला. तो मी उजळणीच्या तासांतून भरून काढते, कारण या प्रमेयांना उजळणी लागत नाही.

मध्यबिंदूंच्या त्या तासाला, घंटा झाल्यावर, चौकोन ओढणाऱ्या त्या मुलीने विचारलं, 'बाई, एक कोपरा कागदातून वर उचलला तर?' मी म्हटलं, अंदाज लिहा. दोघांनी लिहिलं, मोडेल. न बोलणाऱ्या मुलाने लिहिलं, मोडणार नाही. मुलीने कारण विचारलं. तो म्हणाला, 'आपण सिद्ध करताना कागद सपाट आहे असं कुठे वापरलं होतं?'